सातबाऱ्यावर नाव एकाचं, ऊस दुसऱ्याचा

भावा, करवीर तालुक्यात जमीन घेतोयस ना? नुसता सातबारा बघून बयाणा देऊ नकोस. सातबारा महसुलासाठी, मालकी ठरते नोंदणीकृत खरेदीखत, वाटणीपत्र, वारसा यांवरून. जुने फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावर नावं बदलल्याच्या नोंदी, काढ. बहिणींची नावं कधी, कशी कमी झाली ते वाच. मी तिथंच अडकलो होतो, चार वर्षं झोप नव्हती.

मग बांधावर जा. ऊस कुणाचा, पाणी कोण पाजतंय, कारखान्याला कुणाच्या नावानं जातोय? मालकाचा हक्क नाकारून, उघडपणे, सलग १२ वर्षं वहिवाट, म्हणजे जमीन ताब्यात ठेवून कसणं, असली तर खरा मालकही हक्क गमावू शकतो. भावाभावांत मात्र एकट्याची वहिवाट सहसा पुरत नाही.

उद्या ताबा कुणी दांडगाईनं घेतलाच, तर ६ महिन्यांच्या आत दावा लाव. स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्ट, १९६३, कलम ६. तिथं मालकी नाही, आधीचा ताबा बघतात.