वाचकांचे प्रश्न : इटली आधी, इटालियन नंतर

प्रश्न : 'इटली घडली, आता इटालियन घडवायचे' हे मास्सिमो दाझेल्योचे वाक्य नेहमी वाचनात येते. देश आधी आणि माणसे नंतर, असे खरेच झाले का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : लेखक आणि राजकारणी असलेल्या दाझेल्योने आपल्या आठवणींत असा आशय मांडला आहे, पण हे सुटसुटीत रूप त्याला नंतर मिळाले. आशय मात्र खरा. १७ मार्च १८६१ रोजी ट्यूरिनमध्ये इटलीच्या राज्याची घोषणा झाली. लोकसंख्या सुमारे २ कोटी २० लाख, आणि संसदेसाठी मतदार जेमतेम ४ लाख १८ हजार. मत देण्यासाठी पुरुष असणे, वयाची २५ वर्षे पूर्ण असणे, लिहितावाचता येणे आणि साधारणपणे वर्षाला ४० लिरा कर भरणे आवश्यक होते. नवा राजा आधी वायव्येकडच्या पीडमाँटचा राजा होता, आणि त्याने 'दुसरा व्हिक्टर इमॅन्युएल' हा तिथला क्रमांकही बदलला नाही. पीडमाँटचेच राज्य वाढले, असा त्याचा अर्थ दक्षिणेने घेतला आणि तो चुकीचा नव्हता.

प्रश्न : तेव्हा इटालियन भाषा किती जणांना येत होती? ती सगळीकडे कशी पोचली? (एक शिक्षिका, नाशिक)

उत्तर : भाषाशास्त्रज्ञ तुलिओ दे मावरोचा अंदाज लोकसंख्येच्या अडीच टक्के, तर भाषाशास्त्रज्ञ आरिगो कास्तेल्लानीचा साडेनऊच्या आसपास. तफावत मोजण्याच्या रीतीत आहे: तोस्काना (फ्लॉरेन्सचा प्रदेश) आणि मध्य इटलीतली घरातली बोली इटालियनच्या इतकी जवळची, की कास्तेल्लानीने तिथल्या निरक्षरांनाही धरले. बाकीचे व्हेनेशियन, नेपल्सची, सिसिलीची अशा आपापल्या बोलीत बोलत.

१८५९च्या कासाती कायद्याने प्राथमिक शिक्षण मोफत आणि पहिली दोन वर्षे सक्तीचे केले, पण खर्च गावांवर टाकला. जिथे शाळेची सर्वात जास्त गरज, तिथेच पैसा नव्हता. गुरुजीही अनेकदा बोलीतच शिकवत. १८६८ मध्ये कादंबरीकार मांझोनीने सरकारला सुचवले, की फ्लॉरेन्सची चालती बोली हेच प्रमाण माना आणि तोस्कानातले शिक्षक इतरत्र पाठवा. १८७३ मध्ये भाषाशास्त्रज्ञ आस्कोलीने यावर बोट ठेवले: एका शहराची बोली वरून लादून भाषा रुजत नाही, त्यासाठी लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांचा वर्ग वाढावा लागतो. आमच्या मते बरोबर आस्कोलीच होता. १८७७च्या कोप्पिनो कायद्याने ६ ते ९ वयाच्या मुलांना शाळा सक्तीची झाली आणि न पाठवणाऱ्या पालकांना दंड लागला.

छावणीचाही हात मोठा. पलटणीत दोन वेगळ्या प्रदेशांतली पोरे एकत्र भरती करून तिसऱ्याच प्रदेशात ठेवत. एकमेकांशी बोलायला इटालियनशिवाय इलाज नसे. घराघरांत ही भाषा शिरली ती मात्र फार उशिरा, १९५४ मध्ये सुरू झालेल्या दूरचित्रवाणीबरोबर. १९६० पासून आल्बेर्तो मांझी हे शिक्षक पडद्यावरून प्रौढांना अक्षरओळख करून देत होते.

प्रश्न : १८६० च्या सार्वमतात दक्षिणेने प्रचंड बहुमताने होकार दिला, मग तिथेच बंडाळी का माजली? (एक विद्यार्थी, कोल्हापूर)

उत्तर : इटलीत सामील व्हायचे का, या प्रश्नावर नेपल्सच्या राज्याच्या मुख्य भूमीवर (सिसिली सोडून) १३,०२,०६४ होकार आणि १०,३१२ नकार पडले. पण 'होय' आणि 'नाही' यांच्या पेट्या वेगळ्या, उघड्यावर मांडलेल्या. कोण कुठे टाकतो ते सगळ्यांना दिसे. शेतकऱ्याला हवी होती जमीन. ती मिळाली नाही, उलट कर वाढले. सिसिलीत पूर्वी सक्तीची लष्करभरती नव्हती, तीही आली. ऑगस्ट १८६३च्या पिका कायद्याने अशांत जिल्हे लष्करी न्यायालयांच्या ताब्यात गेले. तक्रार जमिनीची आणि उत्तर बंदुकीचे, हीच सर्वात महागात पडलेली चूक.

प्रश्न : सावरकरांमुळे माहीत झालेल्या मॅझिनीला नव्या इटलीत काय स्थान मिळाले? (एक वाचक, पुणे)

उत्तर : मॅझिनी हा इटलीच्या एकीकरणासाठी झटलेला प्रजासत्ताकवादी क्रांतिकारक. त्याच्या लेखनाचा सावरकरांनी केलेला मराठी अनुवाद १९०७ मध्ये निघाला आणि इंग्रज सरकारने जप्त केला. खुद्द इटलीत, राजेशाहीला विरोध असल्याने, १८६६ मध्ये मेस्सिनातून झालेली त्याची निवड संसदेने रद्द केली. १० मार्च १८७२ रोजी तो पिसात वारला, तेव्हा खोट्या नावाने राहत होता. त्याला हवे होते ते प्रजासत्ताक २ जून १९४६च्या कौलाने आले. देशभराच्या मतदानात स्त्रियांनी मत देण्याची ती पहिलीच वेळ.