पुरस्कार मिळवणाऱ्या ‘ग्रीन’ आर्किटेक्ट फर्मपैकी कोणाचं काम खरोखर पर्यावरणपूरक आहे? केस स्टडीसाठी कोणती फर्म निवडावी?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला आहात आणि प्रत्येक फर्मच्या वेबसाइटवर तेच तीन टॅब दिसतात: प्रोजेक्ट्स, अवॉर्ड्स, सस्टेनेबिलिटी. यातलं खरं कोणाचं आणि जाहिरात कोणाची, हे कळत नाही. मी एकच नाव सुचवतो, ढाक्याच्या मरिना तबस्सुम आर्किटेक्ट्स. या फर्मचं सगळंच काम मला पटतं असं नाही, आणि न पटणारं कुठलं तेही खाली सांगतो. पण तिथे पुरस्कार, प्रोजेक्ट आणि पर्यावरण या तीन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत. केस स्टडीला असंच काहीतरी हवं.

थोडी पार्श्वभूमी. मरिना तबस्सुम 1995 साली ढाक्याच्या इंजिनिअरिंग विद्यापीठातून, म्हणजे बुएटमधून, बाहेर पडल्या आणि काशेफ महबूब चौधुरी यांच्यासोबत ‘अर्बाना’ ही फर्म काढली. दोनच वर्षांत, 1997 ला, या जोडीने बांगलादेशच्या स्वातंत्र्य स्मारकाची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. जागा साधीसुधी नव्हती. सुहरावर्दी उद्यान म्हणजे जिथे 7 मार्च 1971 ला शेख मुजीब यांचं भाषण झालं आणि 16 डिसेंबरला पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली ते मैदान. तिथे त्यांनी संग्रहालय जमिनीखाली नेलं आणि वर एकच उंच काचेचा स्तंभ ठेवला. काम पूर्ण व्हायला 2013 उजाडलं, मधे सरकारं बदलत राहिली. 2005 मध्ये त्या वेगळ्या झाल्या आणि स्वतःचं ऑफिस काढलं. ते ऑफिस त्यांनी ठरवून लहान ठेवलंय, कामं मोजकीच घेतात. आपल्याकडे ऑफिसात माणसं किती यावरून आर्किटेक्टची उंची मोजतात, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

आता बैतुर रऊफ मशीद. केस स्टडीत जास्तीत जास्त पानं हिला द्या.

ढाक्याच्या उत्तरेकडच्या दाट वस्तीत मरिना यांच्या आजीने मशिदीसाठी जमीन दिली आणि नातीला म्हणाली, तू बांध. 2006 मध्ये आजी गेली. मग पैसे जमवणं, आराखडा आणि बांधकामावर देखरेख, तिन्ही नातीच्याच अंगावर आलं. वर्गणी जमेल तसं काम पुढे सरकत 2012 ला मशीद उभी राहिली. एकूण खर्च सुमारे दीड लाख डॉलर. क्षेत्रफळ साधारण साडेसातशे चौरस मीटर, म्हणजे आपल्याकडच्या बऱ्यापैकी मंगल कार्यालयाएवढं.

प्लॉट वेडावाकडा होता. भूमितीची अडचण अशी की त्याचा अक्ष आणि किबल्याची, म्हणजे नमाजासाठी मक्केकडे तोंड करण्याची, दिशा यांत 13 अंशांचा फरक. कोणीही काय केलं असतं? इमारत चौकोनी बांधली असती आणि आत सतरंज्या तिरक्या अंथरल्या असत्या. इथे उंच जोत्यावर बाहेरचा चौकोन प्लॉटच्या रेषेत ठेवला, त्यात एक वर्तुळ बसवलं आणि वर्तुळाच्या आत नमाजाचा चौकोन 13 अंशांनी फिरवला. वर्तुळ आणि आतला चौकोन यांच्यामध्ये ज्या चार फटी उरल्या त्या वर आभाळाला उघड्या ठेवल्या. उजेड तिथून येतो आणि हवाही तिथूनच खेळते. म्हणजे ‘डेलाइटिंग स्ट्रॅटेजी’ म्हणून वेगळं काही चिकटवलेलं नाही, दिशेचा प्रश्न सोडवताना तीच जागा हाती आली. हा प्लॅन स्वतःच्या हाताने ट्रेसिंगवर काढून बघा, स्क्रीनवर बघून पोहोचत नाही.

स्ट्रक्चरही दोन प्रकारचं आहे. कडेच्या भिंती आणि लहान खोल्या भार पेलणाऱ्या विटांच्या, आणि मधल्या बिनखांबी दालनाला काँक्रीटची फ्रेम. छताला गोल भोकं पाडली आहेत, त्यातून उन्हाचे कवडसे फरशीवर पडतात. विटांच्या जाळीतून वारा येतो. दिवसा दिवा लावावा लागत नाही, एसीचा प्रश्नच नाही. घुमट नाही, मिनार नाही. आणि त्या उंच जोत्याने पावसाचं पाणी बाहेर ठेवलंच, वर गल्लीतल्या म्हाताऱ्यांना बसायला आणि पोरांना खेळायला ओटा मिळाला.

एक टोचणी मात्र टाळू नका. वीट. बंगालचा त्रिभुज प्रदेश गाळाचा आहे. आपल्याकडे फूटभर खणलं की काळा दगड लागतो, तिथे दगडच नाही. म्हणून पहाडपूरच्या प्राचीन बौद्ध विहारापासून अमेरिकन आर्किटेक्ट लुई कानच्या ढाक्यातल्या संसद भवनापर्यंत वीट त्या प्रदेशाच्या अंगात भिनलेली आहे (संसद भवनाची मुख्य इमारत काँक्रीटची आहे, पण आजूबाजूच्या इमारती विटांच्याच). पण भाजलेली वीट म्हणजे शेतातली वरची सुपीक माती आणि भट्टीचा धूर. हिवाळ्यात ढाक्याची हवा बिघडते त्यात वीटभट्ट्यांचा मोठा वाटा असतो. तेव्हा ‘स्थानिक साहित्य म्हणजे पर्यावरणपूरक’ हे समीकरण जुरीसमोर, म्हणजे कॉलेजातल्या परीक्षकांसमोर, बोललात तर कोणीतरी नक्की पकडेल. इथे ती वीट निदान पुढची कित्येक दशकं एसी आणि दिव्यांचं बिल वाचवतेय, गिलावा आणि रंगही वाचवतेय. हिशोब असा मांडा.

या मशिदीला 2016 चा आर्किटेक्चरसाठीचा आगा खान पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी काशेफ चौधुरींच्या गायबांधा इथल्या फ्रेंडशिप सेंटरलाही मिळाला, म्हणजे जुने दोन भागीदार एकाच फेरीत. पुरस्कारांबद्दल थोडं स्पष्ट बोलतो, कारण तुमच्या प्रश्नाचा अर्धा भाग तोच आहे. आपल्या व्यवसायातले बरेच पुरस्कार प्रवेश फी भरून, फोटो आणि पाच-सहा शीट पाठवून मिळतात. इमारतीत कोणी राहायला जायच्या आधी ट्रॉफी ऑफिसच्या रिसेप्शनवर येते. माझ्याही ओळखीच्या ऑफिसांत अशा ट्रॉफ्या आहेत आणि त्यातली काही कामं चांगलीही आहेत, पण ट्रॉफीवरून ते कळत नाही. आगा खान पुरस्कार 1977 पासून आहे, तीन वर्षांतून एकदा दिला जातो आणि निवडलेल्या प्रत्येक कामावर जाणकार माणूस प्रत्यक्ष पाठवतात. इमारत वापरात आहे का, गळते का, लोकांना आवडते का, हे पाहून तो अहवाल देतो. बक्षिसाच्या दहा लाख डॉलरमध्ये मालक, गवंडी, कारागीर यांचाही विचार होतो. म्हणून कुठल्याही फर्मच्या अवॉर्ड्सच्या यादीत मी आधी हे बघतो की परीक्षक जागेवर गेला होता की नाही.

फर्मचं अलीकडचं काम मशिदीपेक्षा फार वेगळं आहे. 2017 मध्ये म्यानमारमधून सात लाखांहून अधिक रोहिंग्या कॉक्स बाजारला आले. त्या छावण्यांत पक्कं बांधायला परवानगी नाही, त्यामुळे बांबूच. या ऑफिसने तिथे जागतिक अन्न कार्यक्रमासोबत भाजीपाला गोळा करून विकण्याची केंद्रं बांधली, जिथे आसपासच्या स्थानिक बायका आपला माल आणतात. एवढे निर्वासित आल्यामुळे स्थानिकांची जी ओढाताण झाली होती, तिच्यावरचा हा एक उतारा.

मग 2020, कोविडमध्ये काम ठप्प असताना, ‘खुदी बाडी’. बंगालीत याचा अर्थ चिमुकलं घर. हे घर चरांवर राहणाऱ्या लोकांसाठी आहे. चर म्हणजे जमुना (बांगलादेशातला ब्रह्मपुत्रेचा प्रवाह) आणि मेघनेच्या पात्रात गाळ साचून तयार झालेली बेटं. एका पावसाळ्यात जमीन वर येते, कधीतरी दुसऱ्या पावसाळ्यात नदी ती कापून नेते. माणसं बिऱ्हाड उचलून दुसऱ्या चरावर जातात. जमीन स्वतःची नाही आणि उद्या असेलच याची खात्री नाही, तर पाया कशाचा आणि कुठे घालायचा?

उत्तर असं: बांबूचा सांगाडा, स्टीलचे जोड, दोन मजले. खाली रोजचा वावर. पूर आला की माणसं, धान्य, भांडी वरच्या मजल्यावर. भिंतींना घरच्यांकडे जे असेल ते, पत्रा किंवा बांबूचे तट्टे. नदी जवळ आली की काही माणसांनी मिळून घर सोडवायचं, वाहून न्यायचं आणि नव्या जागी उभं करायचं. खर्च पाचशे डॉलरच्या आतबाहेर. बांबू कुजतो, तो गावातच बदलता येतो. स्टीलचे जोड तेवढे कारखान्यातून येतात आणि पुन्हा पुन्हा वापरता येतात. खाटेच्या चौकटीसारखं आहे: सुतळी बदला, पाय बदला, खाट तीच.

याला निव्वळ कल्पक डिझाइन म्हणून थांबू नका. मरिना तबस्सुम यांच्या ऑफिसने त्याआधी मुन्शीगंज भागातल्या लाकूड आणि पत्र्याच्या घरांचा अभ्यास केला होता. तिथे बाजारात आख्खं घर तयार विकत मिळतं. सुटं करून न्यायचं, हवं तिथे जोडायचं, अडचण आली तर विकायचं. म्हणजे हलणारं घर ही त्या नदीकाठची जुनीच रीत. आर्किटेक्टने ती स्वस्त आणि हलकी केली आणि त्रिकोणी बांधणीने वाऱ्यापुढे टिकणारी केली. 2025 च्या आगा खान पुरस्काराच्या सात मानकऱ्यांत खुदी बाडी होती. हा पुरस्कार मरिना यांना दुसऱ्यांदा मिळाला. त्याआधी 2021 चं सोन पदक (ब्रिटिश आर्किटेक्ट सर जॉन सोन यांच्या नावाचं), 2024 मध्ये ‘टाइम’च्या शंभर प्रभावी व्यक्तींच्या यादीत नाव. जर्मनीत व्हिट्रा या फर्निचर कंपनीच्या आवारातही एक खुदी बाडी उभी केली आहे, स्वित्झर्लंडच्या सीमेला लागून, जिथे जगभरच्या नामांकित आर्किटेक्टच्या इमारती शेजारी शेजारी आहेत. तिथे ती मला जरा केविलवाणीच वाटते. पूर नाही, स्थलांतर नाही, मग उरते ती फक्त आकृती.

माझी तीच तक्रार 2025 च्या सर्पेंटाइन पॅव्हिलियनबद्दल. लंडनच्या केन्सिंग्टन गार्डन्समध्ये दर उन्हाळ्यात एका आर्किटेक्टला तात्पुरती वास्तू बांधायला देतात. सुरुवात 2000 मध्ये झाहा हदीदपासून झाली. मरिना यांनी लाकडी कमानींची लांबट कुपी केली, मधे गिंको झाडाचं रोप, एक भाग सरकणारा, आणि कल्पनेच्या मुळाशी शामियाना. दिसायला देखणी, उजेड गाळून आत येतो. पण काही महिन्यांसाठी एवढं लाकूड आणि एवढी यंत्रणा, हे चरावरच्या घराच्या शेजारी ठेवून बघितलं की चुकल्यासारखं वाटतं. पॅव्हिलियन नंतर विकली जाते, फेकली जात नाही, हे मान्य. तरीही या फर्मचं जगात सर्वांत जास्त छापून आलेलं काम तिचं सर्वांत हलकं काम आहे, असं माझं मत. तुमच्या गाईडचं वेगळं असू शकेल.

आता ‘आपल्याकडे याचा काय उपयोग’ हा प्रश्न तुमच्या जुरीत येणारच. 2005, 2019, 2021 ला सांगली-कोल्हापूर भागात पूर आला, मीही याच भागात काम करतो. शिरोळमध्ये खुदी बाडी चालणार नाही. इथे जमीन सातबाऱ्यावर आहे, गोठ्यात म्हशी आहेत, घर पिढ्यांचं आहे, ते कोणी उचलून नेणार नाही. उपयोगी पडते ती प्रश्नांची क्रमवारी. घर कोणाचं, जमिनीवर हक्क कोणाचा, पाणी किती दिवस थांबतं, त्या दिवसांत माणूस कुठे, जनावर कुठे, धान्य कुठे. सोलर पॅनल आणि रेटिंगचे गुण नंतर. माझ्याकडे येणारे निम्मे क्लायंट आधी भिंतीवरच्या झाडांचा फोटो दाखवतात, आणि टेरेसवर पाण्याची टाकी कुठे हे विचारलं की गडबडतात.

केस स्टडीत तीन शीट्स नक्की करा. बैतुर रऊफचा 13 अंशांचा प्लॅन आणि त्यावर सकाळ-दुपारचा उजेड. खुदी बाडीच्या जोडाचं मोठ्या मापातलं ड्रॉइंग, शक्य असेल तर खराच एक जोड लोहाराकडून बनवून घ्या. आणि बांधणीचा क्रम: कोण, किती माणसं, कोणती अवजारं. रेंडर, म्हणजे कॉम्प्युटरवर काढलेली देखणी चित्रं, कमी ठेवा.

आणि गाईडने ‘साइट व्हिजिट हवीच’ म्हणून बांगलादेश नाकारला, तर कोपरगावला जा. मुंबईचे आर्किटेक्ट समीप पडोरा यांच्या ऑफिसच्या दोन इमारती तिथल्या परिसरात आहेत. शारदा शाळेतलं माया सोमैया ग्रंथालय (2018), ज्याचं पातळ विटांचं कमानी छप्पर जमिनीतून उठतं आणि पोरं त्यावरून चालत जातात. आणि साकरवाडीचं जेतवन, बौद्ध समाजासाठीचं अध्ययन आणि कौशल्य केंद्र, जिथे एकही झाड न तोडता इमारती झाडांच्या मधे बसवल्या, भिंती दगडाच्या खाणीतल्या भुकटीत राख मिसळून ठोकून घडवल्या आणि छपराला जुन्या जहाजांचं लाकूड वापरलं. ग्रंथालय चालू शाळेत आहे, त्यामुळे मुख्याध्यापकांना आधी पत्र पाठवा आणि परीक्षांचे दिवस टाळा.