टर्मिनलवरून अवघड, तरी लक्षात राहील असा पासवर्ड कसा काढायचा?

शफ (shuf) वापरा, फाइलीतल्या ओळी पिसून हव्या तेवढ्या काढून देणारी लिनक्सची कमांड. एका ओळीत एक शब्द अशी फाइल घ्या, रँडम सोर्स म्हणून यूरँडम (/dev/urandom, सिस्टीमच रँडम आकडे पुरवते ती फाइल) द्या, सहा ओळी काढा. झालं. पीडब्ल्यूजेन (pwgen) या अर्थ नसलेल्या अक्षरांचे पासवर्ड काढणाऱ्या प्रोग्रामच्या नादी लागू नका. तो जे काढतो ते शेवटी चिठ्ठीवरच जातं, आणि चिठ्ठीवरच्या पासवर्डानं काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

लातूरकडच्या एका पतसंस्थेत मी ऑपरेटर होतो. साहेबांचा नियम असा की दर 1 तारखेला नवा पासवर्ड, आठ अक्षरं, त्यात एक कॅपिटल, एक आकडा, एक चिन्ह. ते काढून वाटायचं काम माझ्याकडं. कॅशियर ताईंनी त्यांचा पासवर्ड भिंतीवरच्या कॅलेंडरवर, चहावाल्याच्या हिशोबाशेजारी पेन्सिलीनं लिहून ठेवलेला. एका बाजाराच्या दिवशी त्या डबा खायला उठल्या आणि त्यांच्या लॉगिननं कुणीतरी 9,400 रुपयांचं व्हाउचर टाकलं. कुणी, ते शेवटपर्यंत कळलं नाही. पैसे ताईंच्या पगारातून कापले.

मी साहेबांना म्हणालो, चूक नियमाची आहे, शब्दांचा पासवर्ड देऊ. कागदावर लिहूनही दाखवला: कडबा बारव हुरडा तुराटी पखाल जोंधळा. साहेब म्हणाले, "ह्यो पासवर्ड हाय का बाजाराची यादी?"

आता हिशोब बघा. शफ निवडतो तसेच शब्द फासे टाकून निवडायची डाइसवेअर पद्धत अर्नोल्ड राइनहोल्ड यांनी 1995 मध्ये मांडली. यादीत 7,776 शब्द, म्हणजे पाच फाशांचे जेवढे मेळ तेवढे. पासवर्ड ओळखणं किती अवघड ते बिटांत मोजतात, एक बिट वाढला की अवघडपणा दुप्पट. एका शब्दाचे सुमारे 12.9 बिट, सहांचे 77. कीबोर्डवरची आठ अक्षरं अगदी खरी रँडम असली तरी 53 बिटांच्या आतच राहतात. माझी स्वतःची यादी आईला विचारून जमवलेल्या 1,296 शब्दांची आहे, चार फाशांची. ती लहान, म्हणून मी सात शब्द घेतो, 72 बिट होतात. शब्द रोमनमध्ये लिहिलेत, कारण लॉगिनच्या वेळी देवनागरी कीबोर्ड मिळेलच असं नाही.

आणि दर महिन्याला बदलायचं खूळ? अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेनं 2017 मध्येच सांगितलं की उगाच ठराविक मुदतीनं पासवर्ड बदलायला लावू नका, फुटल्याचा पुरावा असेल तेव्हा लावा. त्याची प्रिंट मी साहेबांच्या टेबलावर ठेवली होती. त्यांनी ती उलटी करून पाठकोऱ्या कागदात टाकली.

एक राहिलं. शब्द मशीनलाच निवडू द्या. आवडले नाहीत म्हणून परत परत काढत बसलात तर वरचं गणित फसतं. वरचे सहा शब्दही वापरू नका, ते आता जगजाहीर झाले. काही ठिकाणी लांबीला मर्यादा असते, तिथं सहा शब्द बसत नाहीत. तिथं मात्र पीडब्ल्यूजेनचाच घ्या आणि पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवा, कॅलेंडरवर नको.

साहेब आता निवृत्त झालेत, मोबाइलवर बरंच वाचतात असं ऐकलंय. साहेब, हे वाचत असाल तर त्या 9,400 रुपयांत ताईंची चूक नव्हती.