रोकेया वाचताना: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : मी एम.ए.ची विद्यार्थिनी आहे. स्त्रीशिक्षण आणि साहित्य या विषयासाठी अभ्यासक बर्णिता बागची यांचे लेखन वाचायला मार्गदर्शकांनी सांगितले आहे. त्यांचे कोणते पुस्तक आधी घ्यावे? प्रबंधिकेचा विषय ‘सावित्रीबाई फुले आणि बेगम रोकेया : तुलनात्मक अभ्यास’ असा ठेवायचे मनात आहे. (सोलापूर)

उत्तर : पेंग्विनने २००५ मध्ये काढलेले ‘सुलतानाज ड्रीम अँड पद्मराग’ आधी घ्या. यातली ‘सुलतानाज ड्रीम’ ही बंगालमधल्या लेखिका आणि मुस्लिम मुलींसाठी शाळा काढणाऱ्या रोकेया सखावत होसेन (बेगम रोकेया) यांनी मुळातच इंग्रजीत लिहिलेली गोष्ट आहे. ती १९०५ मध्ये मद्रासच्या ‘इंडियन लेडीज मॅगझिन’मध्ये आली. ‘पद्मराग’ ही १९२४ची बांगला कादंबरी, तिचा इंग्रजी अनुवाद बागची यांचा. आधी गोष्ट, मग कादंबरी आणि शेवटी प्रस्तावना, या क्रमाने वाचा. प्रस्तावना आधी वाचली की विद्यार्थी तिच्यातलीच वाक्ये फिरवून लिहितात, आणि परीक्षकाच्या ते लगेच लक्षात येते.

त्यानंतर बागची यांचे २००४चे पुस्तक बघा. ते १७७८ ते १८१४ या काळातल्या पाच ब्रिटिश लेखिकांनी स्त्रीशिक्षणाविषयी लिहिलेल्या कथनांवर आहे. विषय लांबचा वाटेल, पण कादंबरीतून शिक्षणाचा इतिहास कसा काढायचा ही रीत तिथे नीट कळते. बर्णिता बागची यांच्या आई जशोधरा बागची या जादवपूर विद्यापीठातल्या स्त्री-अभ्यास केंद्राच्या संस्थापक संचालक. हे केंद्र १९८८मध्ये सुरू झाले. विस्मरणात गेलेल्या बंगाली लेखिकांकडे अभ्यासकांचे लक्ष वळवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. आईचे काम माहीत असले की मुलीच्या लेखनातले बरेच दुवे जुळतात.

विषय मात्र बदला, असा आमचा स्पष्ट सल्ला आहे. पुण्यातली शाळा १८४८ची, रोकेयांची कोलकात्यातली शाळा १९११ची. मधल्या ६३ वर्षांत बंगालमध्ये बेथून यांची मुलींची शाळा निघाली (१८४९), १८८३ मध्ये कादंबिनी बसू आणि चंद्रमुखी बसू पदवीधर झाल्या. मुलींनी शिकावे की नाही हा वाद बंगालच्या हिंदू आणि ब्राह्मो घरांत बराच पुढे गेला होता. पडद्यातल्या मुस्लिम मुलीला शाळेच्या दारापर्यंत आणायचे कसे, हा रोकेयांपुढचा प्रश्न होता. सावित्रीबाईंच्या पुण्यात जातीचा अडसर होता आणि त्याचे स्वरूप अगदी निराळे होते. ही दोन्ही आयुष्ये एका प्रबंधिकेत घातली की चरित्रे शेजारी शेजारी मांडली जातात आणि निष्कर्षाच्या प्रकरणात ‘दोघींनीही संघर्ष केला’ एवढेच उरते.

त्याऐवजी दोन निबंध घ्या : ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्रीपुरुष तुलना’ (१८८२) आणि रोकेयांचा ‘स्त्रीजातिर अवनति’. स्त्रीला दुय्यम ठेवणाऱ्या धर्मवचनांना दोघी जाब विचारतात. साहित्यप्रकारही एकच असल्याने तुलना सरळ होते.

इथे एक खड्डा आहे. रोकेयांचा हा निबंध १९०४ मध्ये ‘नवनूर’ मासिकात ‘आमादेर अवनति’ या नावाने आला. ‘मतिचूर’ संग्रहात घेताना नाव बदलले आणि धर्मग्रंथ पुरुषांनी रचले असे थेट म्हणणारे परिच्छेद गळाले. फक्त ‘मतिचूर’वर विसंबलात तर धर्माबाबत रोकेया सांभाळून बोलत होत्या असे लिहाल, फक्त ‘नवनूर’वर विसंबलात तर संग्रह करताना त्यांना काय सोडावे लागले ते निसटेल. दोन्ही पाठ समोर ठेवा आणि उताऱ्याखाली पाठाचे नाव न चुकता लिहा. अब्दुल कादिर संपादित ‘रोकेया रचनावली’ (बांगला अकादमी, ढाका, १९७३) हाताशी असू द्या. लिहायला बसण्यापूर्वी वहीत प्रत्येक परिच्छेदासाठी चार रकाने आखा : म्हणणे काय, कोणाला उद्देशून, पुरावा कसला (अनुभव, धर्मवचन, इतिहास की उपहास) आणि दुसऱ्या निबंधात त्याच्या जवळचा परिच्छेद कोणता. चौथा रकाना जिथे रिकामा राहील, तिथे तुमची खरी सामग्री आहे.

प्रश्न : मुलींच्या शाळेत नववीला शिकवते. ९ डिसेंबरला रोकेयांवर काहीतरी करायचे आहे. भाषणे नकोत. ३५ मिनिटांचे दोन तास मिळतील. (शास्त्रीनगर)

उत्तर : ९ डिसेंबर हा रोकेयांचा जन्मदिन (१८८०) आणि स्मृतिदिनही (१९३२).

पहिल्या तासाला ‘सुलतानाज ड्रीम’ घ्या. त्यात सुलतानाला स्वप्नात असा देश दिसतो, जिथे बायका कारभार पाहतात आणि पुरुष घरात पडद्यात राहतात. पूर्ण वाचू नका. मोठ्याने वाचायला अख्खा तास जातो आणि बोलायला वेळ उरत नाही. तीन तुकडे पुरतात : सुलताना आणि सिस्टर सारा रस्त्याने चालतात तो, दोन तासांत कामे उरकतात तो आणि दोन विद्यापीठांचा. दुसऱ्या तुकड्यात हिशेब आहे. एक चिरूट जळायला अर्धा तास लागतो, पुरुष दिवसाला बारा ओढतो, म्हणजे सहा तास धुरात जातात. हे गणित मुलींकडून फळ्यावर करून घ्या. मग प्रत्येकीला आदल्या दिवसाचा कागद द्या, सकाळी ५ ते रात्री १० अर्ध्या-अर्ध्या तासाच्या चौकटींचा. पाणी भरणे, धाकट्याला सांभाळणे, भांडी, शिवण, अभ्यास, सगळे त्यात भरायला सांगा. नावे घालू नका. नाव असले की मुली अभ्यासाच्या चौकटी वाढवून दाखवतात.

या गोष्टीवरचा तास बहुधा एकाच जागी बिघडतो. पुरुष घरात कोंडले, बायका बाहेर, यावर हशा होतो आणि घंटा वाजते. ते टाळायला घटनांचा क्रम फळ्यावर मांडा. राणी आधी मुलींच्या शाळा काढते. मग एकविसाव्या वर्षाआधी लग्न नाही असा कायदा होतो. मग दोन विद्यापीठे निघतात. एक ढगांतून पाणी उतरवते, दुसरे सूर्याची उष्णता साठवते. शेवटी लढाई होते, पुरुषांचे सैन्य हरते आणि विद्यार्थिनी साठवलेल्या उष्णतेने शत्रूला परतवतात. पुरुष मर्दान्यात (पुरुषांसाठीच्या जनान्यात) जातात ते या टप्प्यावर, विद्यार्थिनी लढायला निघण्याआधी. शाळेपासून लढाईपर्यंतच्या या क्रमातच रोकेयांचा युक्तिवाद आहे.

दुसऱ्या तासाला ‘अवरोधबासिनी’ (१९३१) मधले तीन प्रसंग पुरे. पुस्तकात पडद्याचे एकूण ४७ छोटे प्रसंग आहेत. किऊल स्टेशनवर गाडी आणि फलाटाच्या मध्ये पडलेल्या बाईचा प्रसंग फार जड आहे. हमालांनी हात लावू नये म्हणून मोलकरीण त्यांना अडवते, आणि गाडी सुटते. तो घेतलात तर लगेच दुसऱ्याकडे जाऊ नका. मुलींना बोलू द्या. त्याच्या जोडीला गंगास्नानाला गेलेल्या हिंदू सुनेचा प्रसंग जरूर घ्या. नवऱ्याचा चेहरा धड न पाहिल्याने धोतराचा रंग बघून ती भलत्याच माणसामागे चालत जाते. हे दोन्ही एकत्र वाचले की एकाच समाजाकडे बोट दाखवायला हे पुस्तक वापरता येत नाही. रोकेयांनी ते त्यासाठी लिहिलेलेच नाही.

प्रश्न : आमच्या वाचनगटात कोणी विड्या वळते, कोणी कांड्या भरते, कोणी शिवणकाम करते. रोकेया जमीनदारांच्या घरातल्या. आमच्या कामाबद्दल त्यांच्याकडे काही आहे का? (विडी घरकुल)

उत्तर : आहे, आणि सोलापुरात तर ते आधी वाचायला हवे. त्यांचा ‘चाषार दुक्खु’ हा निबंध मागवा. शेतकरी गरीब का झाला हा त्याचा विषय. पण त्याच्या पोटात कापडाची हकिगत आहे.

रंगपूर जिल्ह्यात आणि आसामात एंडी नावाचे रेशीम होते. एंडीचा किडा एरंडाच्या पानांवर वाढतो. तो पाळणे आणि कोशातून सूत काढणे सोपे, आणि हा धंदा सगळा बायकांच्या हातात होता. शेजारणीकडे जातानाही टकळी हातात असे, चालता चालता सूत निघत असे. रोकेया आकडा देतात : एंडीचे एक कापड ४० वर्षे टिकते, आणि अशा चार-पाच चादरी घरात असल्या की रजई, कांबळे, गोधडी यांची गरज पडत नाही. मग बाजारात स्वस्त रंगीबेरंगी कापड आले आणि एंडी मागे पडली. बाईच्या हातातले कसब गेले आणि कापडासाठी घरातून पैसा बाहेर जाऊ लागला. चादर, टॉवेल आणि यंत्रमागाच्या तुमच्या शहरात हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

निबंध लहान आहे, एका बैठकीत होतो. एंडीच्या भागाशी थांबा आणि तेच प्रश्न आपल्या मालाला लावा. एका चादरीमागे किती हात लागतात? त्यातले बायकांचे किती? मजुरी नगावर की दिवसावर? सूत किंवा पान कमी भरले, माल नापास झाला, तर कोणाच्या पैशातून कापतात? हजार विड्यांमागचा दर सगळ्यांना ठाऊक असतो. त्या हजारांसाठी घरातल्या मुलींचे किती तास जातात ते कोणी मोजलेले नसते. ते मोजा.

अशा बैठकीत चर्चा ‘पूर्वीचे दिवस किती चांगले होते’ इथे घसरते. तिला मागे आणायला निबंधाचा शेवट वाचा. गावोगाव पाठशाळा आणि घरोघर चरखा-टकळी, अशी रोकेयांची मागणी आहे. शाळा आणि कमाई त्यांनी एका वाक्यात बांधली आहे. ‘स्त्रीजातिर अवनति’मध्ये तर त्या म्हणतात की कमवून मोकळीक मिळणार असेल तर आम्ही कमवू, कारकून होऊ, मॅजिस्ट्रेट होऊ, बॅरिस्टर होऊ.

पुढच्या महिन्यांसाठी ‘पद्मराग’ ठेवा. त्यातल्या तारिणी भवनात शाळा आहे, कामाची शाळा आहे, आजारी आणि निराधार बायकांसाठी आसरा आहे. हिंदू, ब्राह्मो, मुसलमान आणि ख्रिस्ती बायका मिळून ते चालवतात. आपल्याकडच्या काही जणींना कथानक गुंतागुंतीचे वाटेल, योगायोग भरपूर आहेत. तरी नेट लावून शेवटापर्यंत जा. नायिका सिद्दिका शेवटी नवऱ्याकडे परतत नाही, आणि त्यावर तुमच्या गटात भांडण होईल. होऊ द्या.

गटात तेलुगू, उर्दू, कन्नड आणि मराठी बोलणाऱ्या असतील, तर प्रत्येक परिच्छेद वाचून झाल्यावर एकीने आपल्या घरच्या भाषेत सांगावा. रोकेयांच्या सासरी उर्दू होती आणि त्या लिहीत बांगलात. कोलकात्यातल्या त्यांच्या शाळेत मुलींच्या घरची भाषा उर्दू म्हणून आधी शिकवणेही उर्दूतून झाले. बांगलासाठी पुरेशा मुली मिळणे त्यांना फार जड गेले.

प्रश्न : आमच्या गावातून सातवीनंतर मुली शाळा सोडतात, कारण गाडीची वेळ जुळत नाही. रोकेयांच्या शाळेच्या गाडीबद्दल ओझरते ऐकले होते. ते काय आहे? (मोहोळ तालुका)

उत्तर : ‘अवरोधबासिनी’चा शेवटचा, ४७वा प्रसंग. पालकांचे समाधान व्हावे म्हणून शाळेची मोटार चारी बाजूंनी बंद केली होती. आत काळोख. लहान मुली रडल्या, काहींना उलट्या झाल्या, काही बेशुद्ध पडल्या. मग झडपा उघडून पडदे लावले. तर वाऱ्याने पडदा हलतो, बेपर्दगी होते, अशी तक्रार घेऊन माणसे आली. उर्दूत आणि इंग्रजीत पत्रे आली, वर्तमानपत्रांत लिहू अशी धमकीही त्यात होती. गाडी बंद ठेवली तर मुली आजारी पडतात, उघडी ठेवली तर घरी बसवतात. नवऱ्याने शाळेसाठी दहा हजार रुपये ठेवले होते, १९०९ मध्ये भागलपूरला पाच मुलींवर शाळा सुरू झाली, १९११ मध्ये कोलकात्यात आठ मुलींवर पुन्हा. पैसा, जागा, शिक्षिका यांच्या बरोबरीने मुलगी घरातून शाळेपर्यंत येते कशी, हाही शाळेच्या कामाचा भाग आहे हे त्यांनी ओळखले होते. ती शाळा आजही कोलकात्यात लॉर्ड सिन्हा रोडवर सरकारी हायस्कूल म्हणून चालू आहे.

तुमच्याकडे मुलींना एसटीचा मोफत पास अहिल्याबाई होळकर योजनेतून मिळतो. अडचण वेळेची आहे. ‘गाडी सुरू करावी’ असा मोघम अर्ज करू नका, तो फायलीत पडून राहतो. थांब्यानुसार मुलींची संख्या, शाळा भरण्याची आणि सुटण्याची वेळ, जादा तासाचे वार, सध्याच्या गाडीची थांब्यावरची प्रत्यक्ष वेळ (दोन आठवडे रोज लिहून) असा तक्ता करा. त्यावर मुख्याध्यापक आणि ग्रामपंचायत दोघांच्या सह्या घ्या, आगार व्यवस्थापकांकडे द्या आणि पोच घ्या. परतीची गाडी वेगळी लिहा. संध्याकाळी थांब्यावर तासभर उभे राहावे लागते म्हणून घरचे नको म्हणतात, आणि अर्जात नेमके तेच राहून जाते.

प्रश्न : रोकेयांचे काही निबंध मराठीत करून छोटी पुस्तिका छापायची आहे. परवानगी लागेल का? बांगला शिकणे अवघड आहे का? (जुळे सोलापूर)

उत्तर : लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी आपल्याकडे स्वामित्वहक्क संपतो. रोकेया १९३२ मध्ये गेल्या, म्हणजे तो केव्हाच संपला. मूळ लेखनाचा अनुवाद तुम्ही विनापरवाना छापू शकता. इंग्रजी अनुवादाचे हक्क मात्र अनुवादकाचे असतात, म्हणून इंग्रजीवरून मराठी करायचे तर परवानगी हवी.

देवनागरी येणाऱ्याला बांगला लिपी रोज अर्धा तास दिला तर महिन्याभरात वाचता येते. जोडाक्षरांवर जास्त वेळ द्या. लिपीत ब आणि व यांना एकच अक्षर आहे, आणि अ-कारान्ताचा उच्चार बऱ्याचदा ओकाराकडे झुकतो, त्यामुळे नावे मराठीत लिहिताना गडबड होते. एक पद्धत ठरवा आणि पुस्तिकाभर तीच पाळा. रोकेयांची भाषा जुन्या ग्रांथिक वळणाची, संस्कृत शब्दांनी भरलेली आहे. ते शब्द आपल्याला ओळखीचे वाटतात आणि तिथेच चूक होते. ओळखीचा वाटलेला प्रत्येक शब्द कोशात पाहूनच पुढे जा. कच्चा अनुवाद बांगला जाणणाऱ्या एका माणसाला मुळाशी ताडून बघायला द्या आणि बांगला अजिबात न येणाऱ्या एकाला नुसता मराठी म्हणून वाचायला द्या. दोघांच्या खुणा एकाच प्रतीवर घेऊ नका.