मंडळीत आपले कोणी नाही, असे वाटते तेव्हा

‘घरी केलेली प्रार्थनाही देव ऐकतो, मग जिथे कोणी आपली विचारपूस करत नाही त्या मंडळीत (चर्चमध्ये) दर रविवारी जायचे कशाला?’ ख्रिस्ती कुटुंबांत समुपदेशन करताना हा प्रश्न मला वारंवार ऐकायला मिळतो, आणि विचारणारी व्यक्ती बहुधा विश्वासात डळमळलेली नसते, दुखावलेली असते. अशाच एका बाईंचा अनुभव, त्यांची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून, येथे मांडत आहे.

नगर जिल्ह्यातील एका गावी शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या या बाई पतीच्या निधनानंतर मुलाकडे पुण्याला राहायला आल्या. गावच्या मंडळीत त्या महिला मंडळाच्या चिटणीस होत्या आणि रविवारच्या शाळेत त्यांनी दोन पिढ्यांकडून बायबलमधील शास्त्रवचने पाठ करून घेतली होती. पुण्यात मात्र शेवटच्या बाकावर बसायचे आणि उपासनेच्या शेवटच्या आशीर्वादवचनापूर्वीच निघायचे, असा त्यांचा क्रम झाला. पुढे तेही सुटले आणि त्या मोबाईलवर उपासना पाहू लागल्या. ‘तिथे माझे नावही कोणाला ठाऊक नाही,’ असे त्या म्हणत.

आशीर्वादाआधी का निघता, असे विचारल्यावर त्या बराच वेळ गप्प राहिल्या. पतीच्या दफनविधीच्या वेळी मराठी ख्रिस्ती कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे एक भजन गायले गेले होते. तेच उपासनेच्या शेवटी लागेल आणि आपल्याला चारचौघांत रडू कोसळेल, ही धास्ती त्यांनी घरीही बोलून दाखवली नव्हती. म्हणून सारा दोष त्यांच्याकडे जातो, असे मला मुळीच वाटत नाही. नव्या चेहऱ्याची चौकशी करणे हे मंडळीचे काम आहे आणि ते झाले नव्हते.

बाईंना शास्त्र मुखोद्गत होते, त्यामुळे बोलणे त्यातूनच पुढे सरकले. बायबलमधील इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात एकत्र मिळणे सोडू नका असे सांगितले आहे, ते छळ सोसलेल्या आणि थकलेल्या लोकांना. एकमेकांची ओझी वाहा, ही प्रेषित पौलाने गलतीकरांस पत्रातून केलेली आज्ञा घरी एकट्याने पाळताच येत नाही. ग्रीसमधील करिंथच्या मंडळीत तर प्रभुभोजनाच्या (येशूच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षरस घेण्याच्या विधीच्या) वेळी काही जण भरपेट जेवत आणि काही उपाशी राहत. पौलाने त्यांना खडसावले, पण मंडळीच मोडून टाका असे म्हटले नाही. खुद्द टिळकांची 1895 च्या बाप्तिस्म्यानंतर (ख्रिस्ती दीक्षेनंतर) पत्नी आणि मुलापासून काही वर्षे ताटातूट झाली होती, आणि आयुष्याच्या अखेरीस, 1917 मध्ये, बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोघेही ज्यात सामील होऊ शकतील असा ‘देवाचा दरबार’ त्यांनी उभारला. ज्याने नात्यांची तूट सोसली, त्याला आत्मिक कुटुंबाची ओढ इतकी असावी, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

(मंडळीतच कोणाचा छळ किंवा अपमान होत असेल, तर तेथे टिकून राहण्याचा सल्ला मी देत नाही, तो विषय वेगळा आहे.)

बाईंच्या संमतीने मी मंडळीच्या पाळकसाहेबांशी (धर्मगुरूंशी) बोलले. त्या आठवड्यात महिला मंडळातील दोघी त्यांच्या घरी प्रार्थनेला गेल्या; त्यांपैकी एक स्वतः विधवा होती. तिने सांत्वनाची वचने न वाचता पतीविषयी विचारले आणि ऐकत बसली. पुढच्या महिन्यात प्रभुभोजनानंतर तिनेच बाईंना मागच्या खोलीत बोलावले. तेथे काचेचे इवलेसे पेले कोमट पाण्यात विसळायचे, मऊ फडक्याने पुसायचे आणि एकेक करून तबकातील खाचांत बसवायचे असतात. हात गुंतलेले असल्याने माणसे आपोआप बोलू लागतात. केवळ पाहुणचाराने जे साधले नसते ते या कामाने साधले, कारण पुढच्या वेळी बाईंना ताप आला तेव्हा ‘आज पेले कोण पुसणार’ म्हणून त्यांना फोन आला.

ते भजन नंतर एकदा उपासनेत लागले आणि बाई रडल्या. शेजारच्या बाईने त्यांचा हात धरला आणि गाणे चालू ठेवले. तक्रारी सगळ्या मिटलेल्या नाहीत. नव्याने आलेल्या कुटुंबाकडे त्याच आठवड्यात मंडळीतील कोणीतरी घरी जावे, अशी लेखी सूचना बाईंनी मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांच्या सभेकडे दिली असून पहिल्या भेटी आपण स्वतः देऊ, असेही तीत लिहिले आहे.