‘अतिरेकी’ : मत की माहिती?

प्रश्न : आमच्या वाचनालयाच्या त्रैमासिकासाठी एक लेख आला आहे. भूसंपादनाला विरोध करणाऱ्या स्थानिक नेत्याला त्यात ‘अतिरेकी’ म्हटलंय. लेखक म्हणतात, ते माझं मत आहे. छापावं का?

उत्तर : आहे तसं मुळीच छापू नका. ‘अतिरेकी’ म्हणजे अतिरेक करणारा, हा अर्थ कोशात राहिला. वर्तमानपत्रांनी हा शब्द इतकी वर्षं बंदूकधाऱ्यासाठी वापरला की वाचकाला तोच अर्थ ऐकू येतो. लेखकाने मत लिहिलं, तरी वाचकाच्या पदरात माहिती पडते. ‘भूमिका टोकाची आहे’ म्हटलं की मत हे मतच राहतं.

पेन्सिल घ्या आणि प्रत्येक वाक्यापाशी विचारा : हे खोटं असेल तर कोणत्या कागदावरून कळेल? ‘त्यांनी ग्रामसभेत मोजणीला विरोध केला’ हे इतिवृत्तात सापडेल, ही माहिती. ‘त्यांच्या हट्टामुळे गाव मागे पडेल’ हे मत. खाली कारण हवं. ‘माझ्या मते’ हे शब्द मात्र ढाल नव्हेत. ‘माझ्या मते त्यांनीच मोजणीची यंत्रं जाळली’ हा मताचा अंगरखा घातलेला आरोप आहे. सार्वजनिक प्रश्नावरच्या वागणुकीबद्दल सद्भावनेने दिलेल्या मताला भारतीय न्याय संहितेच्या अब्रुनुकसानीवरच्या कलम ३५६ मधले अपवाद संरक्षण देतात, असल्या आरोपाला ते मिळेलच असं नाही.

सगळ्यात जास्त घसरण होते ती साखळीत. ‘बंदी असलेल्या संघटनेच्या माणसाशेजारी बसले’, मग ‘समर्थक’, मग ‘सदस्य’. फोटो असतो फक्त पहिल्या पायरीचा. पुढच्या दोन्ही पायऱ्यांना आपापला पुरावा मागा. संघटना खरंच बंदी घातलेली आहे का, हेही तपासा : दहशतवादी संघटनांची नावं यूएपीए, म्हणजे बेकायदा कृत्यं प्रतिबंधक कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असतात, आणि २०१९ च्या दुरुस्तीपासून दहशतवादी घोषित केलेल्या व्यक्तींची चौथ्या अनुसूचीत. गुन्हा दाखल होणं, आरोपपत्र आणि दोषसिद्धी हे तीन वेगळे टप्पे आहेत, त्यांची सरमिसळ करू नका.

प्रश्न : पण टिळकांना आपण ‘जहाल’ म्हणतोच की!

उत्तर : म्हणतो, पण त्या शब्दाबद्दल टिळक स्वतः काय म्हणाले तेही पाहा. जानेवारी १९०७ मध्ये कोलकात्याच्या भाषणात त्यांनी सांगितलं की जहाल आणि मवाळ हे शब्द काळाशी बांधलेले आहेत. आजचे जहाल उद्याचे मवाळ ठरतील. म्हणजे असं बिरुद त्या घडीच्या सत्तेपासूनचं अंतर सांगतं, माणसाची कृती सांगत नाही. ब्रिटिश पत्रकार व्हॅलेंटाइन चिरोल यांनी टिळकांना ‘भारतीय असंतोषाचे जनक’ म्हटलं. चिरोल यांच्या पुस्तकातल्या मजकुराबद्दल टिळकांनी लंडनमध्ये अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि १९१९ मध्ये ते हरले. तेच बिरुद आज आपण गौरवाने उच्चारतो.

इतिहासाच्या लेखात ‘जहाल’ जरूर येऊ द्या. फक्त साल कोणतं, गट कोणता आणि शब्द कोणी लावला, हे त्याच वाक्यात द्या.