चिऱ्यांच्या जुन्या घरात झिग्बीचे सेन्सर सारखे ऑफलाइन का जातात?

गोव्यातल्या साखळीच्या वडिलोपार्जित घरात महाग वायफाय राउटर घेतला, तरी दारांचे सेन्सर आणि पंपाचा स्विच दोन दिवसांआड ऑफलाइन दिसतात, असं तुम्ही लिहिलंय. तुमची उपकरणं झिग्बीची आहेत, म्हणजे कमी विजेवर चालणाऱ्या, वायफायहून वेगळ्या वायरलेस पद्धतीची. त्यांचं जाळं वेगळं, त्यामुळे राउटर कितीही भारी असला तरी त्यांना त्याचा उपयोग नाही.

आमचं घर फोंड्याकडचं. मध्ये राजांगण म्हणजे मोकळा चौक, भोवती चिऱ्याच्या म्हणजे जांभ्या दगडाच्या जाड भिंती, पावसात ओल धरणाऱ्या. ओली भिंत हे सिग्नल आणखी शोषते, म्हणून मे महिन्यात नीट चाललेलं जाळं जुलैत रडतं.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: सेलवर चालणारा सेन्सर दुसऱ्याचा निरोप पुढे देत नाही. ते काम सतत विजेवर असलेली उपकरणं करतात. तुम्ही सेन्सर दहा घेतलेत आणि प्लग एकच, हीच खरी अडचण. मी राजांगणाच्या चारही बाजूंना एकेक झिग्बी प्लग लावला, तोही दारांच्या रेषेत, म्हणजे निरोप भिंतीतून न जाता दारातून जातो. आधी प्लग जोडा, मग सेन्सर, आणि प्रत्येक सेन्सर जिथे बसणार तिथेच उभे राहून जोडा.

स्मार्ट बल्बांवर हे जाळं उभारू नका. बहुतेक बल्ब निरोप पुढे देतात, पण आई रात्री भिंतीवरचं बटण बंद करते, आणि तिने ते का करू नये? बल्ब मेला की त्याच्या आधाराने चालणारे सेन्सरही गेले. त्यापेक्षा बोर्डामागे स्विच मॉड्यूल बसवा. जुन्या बोर्डांत बहुधा न्यूट्रल (विजेची परतीची वायर) नसतो, आणि न्यूट्रलशिवाय चालणारी मॉड्यूल सहसा निरोप पुढे देत नाहीत. वायरमनकडून न्यूट्रल ओढून घ्या, खर्च वसूल होतो.

वायफाय आणि झिग्बी दोन्ही २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. वायफाय चॅनेल १ वर ठेवा, झिग्बी २५ वर. हे सुरुवातीलाच ठरवा, नंतर बदललं तर काही उपकरणं पुन्हा जोडावी लागतात. झिग्बीसाठी संगणकाला लावायचा यूएसबी डोंगल असेल तर तो एक्स्टेन्शन वायरने संगणकापासून लांब ठेवा, यूएसबी ३ च्या पोर्टचा गोंगाट त्याला बहिरा करतो.

पावसाळ्यात लाइट जाणारच. हब (सगळ्या उपकरणांना जोडणारी मुख्य पेटी) आणि मधले दोन प्लग इन्व्हर्टरवर घ्या.

पंप मात्र कुळागरात, म्हणजे पोफळी-नारळाच्या बागेत असेल, तर त्याला या जाळ्यात ओढू नका. आमचा मी विहिरीतल्या फ्लोट स्विचवर (पाण्याच्या पातळीनुसार चालू-बंद होणाऱ्या) आणि तारेवरच ठेवलाय. विहीर आटली तर मोटर जळू नये, हे काम वायरलेसच्या भरवशावर सोडायची माझी तयारी नाही.